दवाखान्याचे मागचे दार

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात, जुनी पत्रे, शाई वाळून गेलेली दोन पेने आणि एक बंद पडलेले घड्याळ यांच्या सोबतीला एक पुठ्ठ्याचे कार्ड आहे. एके काळी ते पांढरे होते. आता त्याला हळदीची कळा आली आहे. वरच्या बाजूस 'विद्यार्थी आरोग्य तपासणी, १९७१-७२' असे छापलेले असून खाली, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, माझ्या त्या वेळच्या देहाचा हिशेब मांडलेला आहे. उंची ५ फूट ४ इंच. वजन ४४ किलो. दात, दोन किडलेले. देवीची लस, व्रण आहे. दृष्टी, उजवा डोळा ६/१८, डावा डोळा ६/२४. आणि सर्वांत शेवटी शेरा : 'चष्मा घ्यावा. दूध घ्यावे.' यांपैकी चष्मा मी घेतला. दुधाचे मात्र, महिन्याच्या खर्चाचा मेळ बसेना म्हणून, अखेरपर्यंत जमले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून मी पुण्यास शिकावयास आलो, तेव्हा तोपर्यंतच्या आयुष्यात डॉक्टरांनी मला एकदाच तपासले होते. आणि तेही विंचू चावला होता म्हणून. आजारी नसताना डॉक्टरांकडे जावयाचे असते, ही कल्पनाच आमच्या गावी कोणाला सुचली नसती. त्यामुळे महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर 'प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी तपासणीस उपस्थित राहावे' हे वाचून मी मनातून धास्तावलोच. आम्ही चाळीसएक मुले सदरे काढून, हातांची घडी घालून, एका लांबलचक खोलीत रांगेने उभे होतो. प्रत्येकाच्या फासळ्या मोजून घ्याव्यात! कोणी कोणाकडे पाहत नव्हते. वजनाच्या काट्यावर चढताना एका मुलाने खिशातील किल्ल्या काढल्याच नाहीत. वजन थोडे तरी भरावे, हा त्याचा हेतू मला पुढे कळला.

माझी पाळी आली, तेव्हा भिंतीवरील तक्त्याची सर्वांत वरची दोन मोठी अक्षरे मी खणखणीत आवाजात वाचली आणि थांबलो.

"पुढे वाच," डॉक्टर म्हणाले.

"पुढे काही नाही," मी उत्तरलो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला तक्त्याच्या जवळ नेले, आणि जिथे काही नव्हते तिथे पाच ओळी असल्याचे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. सामान्य नजरेच्या माणसाला जे अक्षर चोवीस मीटरांवरून दिसते, ते मला सहा मीटरांवर यावे तेव्हा दिसत होते. ६/२४ चा अर्थ तो एवढाच. पण त्या अपूर्णांकाने माझ्या शाळेतील कितीतरी कोडी उलगडली. फळ्यावरचा तीन पाच म्हणून उतरवून घेतल्याबद्दल मी ज्या छड्या खाल्ल्या, त्या निष्काळजीपणाच्या नव्हत्या, डोळ्यांच्या होत्या. दहा दिवसांनी चष्मा आला. तो लावून मी वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो आणि पर्वतीकडे पाहिले. तोवर पर्वतीच्या पायऱ्या म्हणजे मला टेकडीवर सांडलेला एक पांढुरका ओघळ वाटत असे. त्या सायंकाळी पहिल्यांदाच मला पायऱ्या दिसल्या आणि त्या चढणारी माणसे दिसली.

निरोगी दिसणाऱ्या मुलांनाही तपासले पाहिजे, हा विचार काही फार प्राचीन नाही. अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट येथील महाविद्यालयाने १८६१ साली डॉ. एडवर्ड हिचकॉक यांना विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची काळजी वाहण्यासाठी नेमले. महाविद्यालयीन आरोग्यसेवेचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. हे गृहस्थ पुढे १९११ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, मुलांची उंची, वजन आणि छाती मोजत राहिले! आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. तेव्हा बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या त्या राजाला प्रजेच्या शिक्षणाइतकीच तिच्या शरीराचीही चिंता होती. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये भारत सरकारने रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. माझ्या खणातील कार्डाची वंशावळ ही अशी आहे. अर्थात रांगेत उघड्या अंगाने उभे असताना मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मला फक्त थंडी वाजत होती.

आमचा दवाखाना म्हणजे वसतिगृह आणि खानावळ यांच्या मधल्या बोळातील दोन कौलारू खोल्या होत्या. वर्षाच्या शुल्काच्या पावतीवर 'वैद्यकीय, २ रुपये' अशी एक ओळ असे, आणि तेवढ्या दोन रुपयांत वर्षभराचे औषधपाणी होत असे. डॉक्टर सकाळी शहरात आपला व्यवसाय करीत आणि सायंकाळी पाच ते सात आमच्याकडे येत. उरलेल्या वेळी दवाखान्याचे राज्य कंपाउंडरांकडे असे. त्यांना सगळे 'अण्णा' म्हणत. अण्णांचे धोतर नेहमी स्वच्छ आणि वाणी नेहमी तिखट. मागच्या कपाटात तीन मोठ्या बरण्या होत्या : एक गुलाबी, एक पांढरी, एक तपकिरी. पोट बिघडले की गुलाबी, ताप आला की पांढरे आणि खोकला झाला की तपकिरी, असे अण्णांचे संपूर्ण वैद्यकशास्त्र आहे, अशी आमच्यात थट्टा चाले. औषध नेण्यासाठी बाटली आपण आणावयाची. अण्णा ती भरून देत, आणि मग कागदाची एक पट्टी घडी घालून कात्रीने तिला दोन्ही कडांनी कंगोरे पाडीत आणि ती बाटलीवर उभी चिकटवीत. एक कंगोरा म्हणजे एक मात्रा. औषध किती उरले, आणि आपण किती वेळा ते घ्यावयाचे चुकवले, हे त्या पट्टीवरून लपत नसे.

थट्टा करणाऱ्या आम्हांला त्या दवाखान्याचे खरे काम दिसले ते पहिल्याच पावसाळ्यात. श्रावणात एका आठवड्यात सात मुलांचे डोळे पिवळे झाले. कोणी म्हणाले, उष्णता झाली. कोणी एका मांत्रिकाचा पत्ता काढला. डॉक्टरांनी त्या सातांना तपासून झाल्यावर गळ्यातील नळी खिशात घातली आणि ते थेट खानावळीत आले. स्वयंपाकाची भांडी, ताटे, फडकी यांकडे त्यांनी पाहिले न पाहिले, आणि पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभे राहिले. आम्ही पेले घेऊन येत होतो, मनगटापर्यंत हात पिंपात बुडवीत होतो आणि पाणी पीत होतो. डॉक्टर दहा मिनिटे नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून पिंपावर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे आले; गच्चीवरील टाकी उपसून घासली गेली, आणि पाणी उकळून देण्यासाठी मागच्या अंगणात एक चूल पेटली. ही कावीळ दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरते. ज्याला ती झाली त्याला विश्रांती देता येते. परंतु ज्याला अजून झाली नाही त्याच्यासाठी करावयाचे काम पिंपापाशी असते. शहरातील कोणताही निष्णात वैद्य त्या सात मुलांना तपासू शकला असता. पण ती सातही मुले एकाच पिंपाचे पाणी पितात, हे दिसावयास दवाखाना त्या बोळातच असावा लागतो.

डॉक्टरांची आणखी एक सवय होती. नाडीवर बोटे ठेवून ते भलतेच काही विचारीत. "घरी पत्र केव्हा लिहिलेस?" "खोलीत कोणाशी भांडलास का?" "शेतात यंदा पाऊस कसा आहे?" दर सोमवारी पोट दुखते म्हणून येणारा एक मुलगा होता. त्याला गुलाबी औषध तीन वेळा देऊन झाल्यावर डॉक्टरांनी सोमवारचे वेळापत्रक मागितले. पहिलाच तास इंग्रजीचा होता. मराठी शाळेतून आलेल्या त्या मुलाला वर्गात उभे राहून वाचावयास लावीत, आणि त्याचे उच्चार ऐकून बाक हसत. पुढे त्याला कोणते औषध मिळाले ते मला ठाऊक नाही. पण सायंकाळी दवाखाना रिकामा असला की तो अण्णांसमोर इंग्रजी धडे मोठ्याने वाचीत बसलेला दिसे. अण्णांना इंग्रजी औषधांच्या नावांपलीकडे येत नव्हते. म्हणूनच बहुधा त्यांच्यापुढे त्याला भीती वाटत नसे.

एक उणीव मात्र आज विचार करताना मनाला टोचते. आमच्या महाविद्यालयात मुलीही होत्या, पण त्यांच्यापैकी कोणी दवाखान्याची पायरी चढलेली मी क्वचितच पाहिली. डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष, बाहेर बाकावर ओळीने बसलेली मुलगे. तिथे कोणती मुलगी आपले दुखणे सांगावयास येणार? त्याही दोन रुपये भरीतच होत्या. हे त्या वेळी आम्हां कोणाच्या ध्यानातही आले नाही.

माझ्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याला आम्ही 'मास्तर' म्हणत असू. तो कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातील होता. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षे त्याने गावच्या शाळेत शिकवले होते, आणि त्यातून साठवलेल्या पैशावर तो कॉलेजात आला होता. वयाने आम्हांहून थोडा मोठा, बोलण्यात मोजका, आणि अभ्यासात असा की त्याच्या वह्या उतरवून घेण्यासाठी आमच्या खोलीत नेहमी कोणी ना कोणी बसलेले असे. वर्षारंभीच्या तपासणीच्या दिवशी मास्तर गावी गेला होता. पेरणी होती, असे त्याने सांगितले. नंतर केव्हातरी तपासून घेतो, असेही सांगितले; पण ते 'नंतर' आले नाही.

भाद्रपदापासून तो खोकू लागला. प्रथम आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. पावसाळ्यात सारे वसतिगृहच खोकत असते. पण पाऊस गेला, इतरांचे खोकले गेले, मास्तरचा राहिला. सायंकाळी त्याचे डोळे चकाकत आणि अंग कोमट लागे. रात्री तो उठून सज्जात जाई, तोंडावर पंचा दाबून खोके, आणि मी जागा आहे असे पाहिले की म्हणे, "झोप रे, धुळीने होते." कमरेच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने एक नवे भोक पाडले; मग महिन्याभराने दुसरे. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला नाही.

सुट्टी संपवून मी परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत मला तो वाकलेला दिसला. मी कंदील पुढे केला. पाण्याबरोबर वाहून जाण्यापूर्वी जे दिसावयाचे ते मला दिसले होते. लाल रंग कंदिलाच्या उजेडात काळा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

मास्तरने माझा हात धरला. "तुला तुझ्या आईची शपथ आहे," तो म्हणाला, "कोणाला बोलशील तर."

त्याने कारणही सांगितले. त्याचे चुलते क्षयाने गेले होते. त्यांची खाट गोठ्यात टाकली होती. घरच्या विहिरीवर माणसे येईनाशी झाली होती. आणि त्यांच्या पाठीमागे, 'त्या घराच्या रक्तातच क्षय आहे' ही गोष्ट गावाने पक्की केली होती. आता मास्तरच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. वैशाखात उडवावयाचे ठरत होते. भावाला क्षय आहे असे एकदा कानावर गेले, की सोयरीक मोडणार. शिवाय वसतिगृहातून काढून देतील, हजेरी बुडेल, फीची सवलत जाईल. "परीक्षा होऊ दे, लग्न होऊ दे," तो म्हणाला, "मग मी स्वतः जाऊन दाखवतो."

मी आठ दिवस गप्प राहिलो. त्या आठ दिवसांविषयी मला आजही चांगले वाटत नाही. मी त्याच्यासाठी गप्प होतो असे मी स्वतःस सांगत होतो. पण रात्री त्याचा खोकला सुरू झाला की मी पांघरूण तोंडावर ओढून घेत असे, आणि सकाळी आपलाच घसा पुन्हा पुन्हा खाकरून पाहत असे. मला त्याची काळजी होती आणि त्याचे भयही होते. दोन्ही एकाच उशीवर होती.

नवव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. पाळी आल्यावर म्हणालो, "डॉक्टर, माझा एक मित्र आहे. तो... दुसरीकडे राहतो."

डॉक्टरांनी मान हलवली. "किती दिवस खोकतो?"

मी सांगितले. ताप केव्हा येतो, वजन उतरले का, रक्त किती वेळा पडले, हे त्यांनी एकेक करून विचारले. मी सांगत गेलो. नाव मात्र सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. शेवटी मी म्हणालो, "मी शपथ मोडली आहे."

"मोडली खरी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझे समाधान करण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडले. "आता माझे ऐक. डॉक्टर होताना मीही एक शपथ घेतली आहे. हिपोक्रेटिस नावाच्या ग्रीक वैद्याच्या नावाने ती शतकानुशतके चालत आली आहे. रोग्याचे जे कळेल ते बाहेर बोलावयाचे नाही, असे तीत एक कलम आहे. तुझ्या मित्राला सांग, सातनंतर बाहेरचे दार बंद होते, पण बोळाकडचे मागचे दार मी अर्धा तास उघडे ठेवतो. तिथे बाक नाही. कोणी बसलेले नसते."

मी खोलीवर येऊन सांगितले. मास्तर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने आपली वळकटी उचलली आणि सज्जात नेऊन टाकली. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सात वाजता त्याने सदरा चढवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बोळात दिवा असतो का रे?"

"नसतो," मी म्हणालो.

"बरे आहे," असे म्हणून तो गेला.

पुढच्या गोष्टी झपाट्याने झाल्या. तीन वेळा थुंकी तपासली गेली, छातीचा क्ष-किरण फोटो निघाला. रॉबर्ट कॉखने ज्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला, तो जंतू काचपट्टीवर, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्यांसारखा दिसतो. डॉक्टरांनी मास्तरला तो सूक्ष्मदर्शकातून दाखवला. "हा पाहा," ते म्हणाले, "हा रक्तातून वारशाने येत नाही. खोकल्याबरोबर हवेत उडतो आणि दुसऱ्याच्या श्वासात जातो. तुझ्या घराच्या रक्ताला काही झालेले नाही. तुझे चुलते खोकत होते आणि तुम्ही सारे एका खोलीत निजत होता, एवढेच." मास्तर नंतर मला म्हणाला, की त्या काड्या पाहून त्याला भीती वाटण्याऐवजी हलके वाटले. कुळाला लागलेला शाप म्हणून जो त्याने इतकी वर्षे वाहिला, तो नखाएवढ्या काचेवर मावत होता.

मात्र सगळेच गुप्त ठेवता येणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावले. "या मुलाला सांगितले पाहिजे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कारण तो तुझ्या खोलीतला श्वास घेतो. त्याचाही फोटो काढावयाचा आहे. रेक्टरांना सांगितले पाहिजे, कारण वसतिगृह त्यांच्या हाती आहे. आणि घरच्यांची तपासणी झाली पाहिजे, म्हणून आईला तू सांगितले पाहिजेस. केव्हा आणि कसे, ते तू ठरव, पण फार दिवस लावू नकोस. याहून अधिक कोणाला सांगण्याचे कारण मला दिसत नाही." दोन याद्या होत्या त्या, एक सांगावयाच्या माणसांची, एक न सांगावयाच्या. त्यांच्यातली रेघ इतकी स्वच्छ ओढता येते, हे आम्हां दोघांनाही नवीन होते.

रेक्टरांनी प्रथम मुलाला घरी पाठवा असेच म्हटले. शेकडो मुलांची जबाबदारी असलेल्या माणसाने तसे म्हणणे अगदीच चूक म्हणता येणार नाही. डॉक्टर त्यांच्याशी तासभर बोलले. दाराबाहेर उभे राहून जेवढे ऐकू आले त्यात मद्रासचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. त्याचा अर्थ मला पुढे कळला. मद्रास येथील क्षयरोग उपचार केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे देऊन पाहिली होती. १९५९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : औषध नीट घेतले, तर घरी राहणारे रोगीही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण होते असेही नाही. औषध सुरू झाले की रोग्याची लागण करण्याची शक्ती वेगाने ओसरते. १९६२ पासून सरकारचा क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला होता, त्यामुळे औषधे विनामूल्य होती. अखेर असे ठरले, की मास्तरने सहा आठवडे औंधच्या रुग्णालयात राहावे, आणि थुंकीतील जंतू नाहीसे झाल्यावर परत येऊन सज्जाकडील एकट्याच्या खोलीत राहावे. माझा फोटो स्वच्छ निघाला. तो हातात घेऊन मी बोळातच बराच वेळ उभा होतो.

संक्रांतीनंतर मास्तर परत आला. आता अण्णांचे काम सुरू झाले. स्ट्रेप्टोमायसिनची सुई काही आठवडे रोज, आणि गोळ्या तर पुरे दीड वर्ष. आज हाच रोग सामान्यतः सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, आणि पोषणासाठी सरकार रोग्याला, नोव्हेंबर २०२४ पासून, दरमहा १००० रुपये देते. त्या वेळी दीड वर्षाला इलाज नव्हता. खरी अडचण तिसऱ्या महिन्यात आली. खोकला थांबला होता, ताप गेला होता, पट्टा पहिल्या भोकावर आला होता. मास्तरला वाटले, झाले. गोळ्यांनी मळमळते, परीक्षा जवळ आली आहे. चार दिवस तो दवाखान्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी जिन्यावर धापा टाकीत कोणीतरी चढत असल्याचा आवाज आला. दारात अण्णा उभे होते. एका हातात कागदाची पुडी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"विसरलास की कंटाळलास?" त्यांनी विचारले.

"बरा झालोय, अण्णा."

"तू बरा झाला असशील. ते अजून झोपलेत आत," छातीकडे बोट करून अण्णा म्हणाले. "अर्धवट मारलेला साप आणि हा, दोघे सारखेच. आ कर."

मास्तरने तोंड उघडले. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही, असे मी खात्रीने सांगू शकतो, कारण अण्णांनी भिंतीवरील दिनदर्शिकेत केलेल्या खुणा मी पाहत असे. त्यांनी खुणांपुढे नाव लिहिले नव्हते. नुसती एक बारीक फुली.

गेल्या वर्षी मी माझ्या नातीच्या महाविद्यालयात गेलो होतो. तिने मोठ्या हौसेने मला तेथील आरोग्यकेंद्र दाखवले. स्वच्छ फरशी, संगणकावर नोंद, सकाळी पुरुष डॉक्टर आणि दुपारी स्त्री डॉक्टर. बाहेर मुलीच अधिक बसल्या होत्या, आणि त्यांना तिथे बसण्याचा काही संकोच वाटत नव्हता. भिंतीवर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहिला होता. मनाला असह्य ताण झाला, जीव नकोसा वाटू लागला, तर कोणत्याही वेळी, पैसे न देता, या क्रमांकावर बोलता येते. ही 'टेली-मानस' नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मला दर सोमवारी पोट दुखणारा तो मुलगा आठवला.

"आणि समुपदेशक कुठे बसतात?" मी विचारले.

"त्या पलीकडे, आजोबा," नात म्हणाली. "त्यांचं दार वेगळं आहे. ग्रंथालयाच्या बाजूनं. म्हणजे कोण गेलं ते कुणाला कळत नाही."

मी तिला ते दार दाखवावयास सांगितले. साधेच दार होते. ती माझ्याकडे थोड्या नवलाने पाहत होती. दारात एवढे पाहण्यासारखे काय आहे, असे तिला वाटले असावे.

मास्तरने आईला सांगितले ते चैत्रात, लग्नाला महिना असताना. सांगताना त्याने दिवा मालवला होता, असे तो म्हणाला. आई रडेल, कपाळ बडवून घेईल, अशी त्याची समजूत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "रोजची गोळी तुला कोण देतं?" दुसऱ्या दिवशी ती मुलीला आणि धाकट्याला घेऊन कऱ्हाडच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि तिघांनी तपासून घेतले. तिघेही निरोगी होते. वैशाखात लग्न झाले. मास्तरने कोटाच्या आतल्या खिशात गोळ्यांची पुडी ठेवून अक्षता टाकल्या.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले, तेव्हा तो एका खांद्यावर वळकटी आणि दुसऱ्या खांद्यावर पोत्यात बांधलेली गुळाची ढेप घेऊन उतरला. ती त्याने खोलीवर आणलीच नाही. तसाच दवाखान्यात गेला आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "आईनं दिलीय," तो म्हणाला. कशाबद्दल, हे त्याने सांगितले नाही, आणि अण्णांनी विचारले नाही. त्यांनी ढेपेकडे पाहिले, खलातील बत्ता उचलला आणि तिचा एक कोपरा फोडला. पाऊस नुकताच सुरू झाला होता. बाहेरच्या बाकावर नव्या वर्षाची मुले आपापल्या बाटल्या घेऊन खोकत बसली होती. त्या दिवशी तपकिरी औषध घेणाऱ्या प्रत्येकाला अण्णांनी त्यावर गुळाचा एकेक खडा दिला.